छापील मॅन्युअल बंद करण्याआधी

भोसरीच्या एका उद्योजकांचा प्रश्न आहे: "आमची पाउच भरून सील करणारी मशिनं जर्मनी, पोलंड आणि बेल्जियमला जातात. प्रत्येक मशिनबरोबर चार भाषांतलं छापील मॅन्युअल पाठवतो, त्याच्या दोन जाड बॉक्स फाइली होतात. आता युरोपात डिजिटल मॅन्युअल चालणार असं कळलं. छपाई बंद करून मशिनवर क्यूआर कोड लावला तर चालेल का? आमचा एक छोटा टेबलटॉप सीलरही आहे, तो तिकडचा वितरक ऑनलाइन विकतो. त्यालाही तेच करावं का?"

मोठ्या मशिनला चालेल, पण अटी पाळल्या तर. सीलरला नुसता क्यूआर चालणार नाही, थोडा का होईना, कागद द्यावाच लागेल. आता कारणं सांगतो. मी बावीस वर्षं मशिनांची मॅन्युअलं लिहितोय आणि सीईच्या (युरोपात मशिन विकायला लागणाऱ्या खुणेच्या) फाइली तयार करतोय. जिथे हात पोळलेत तिथे जरा जास्त बोलेन.

सगळ्यात आधी ते चार भाषांचं गाठोडं सोडा. जर्मनीच्या मशिनबरोबर पोलिश आणि डच कशाला? मशिन ज्या देशात बसणार त्या देशाची भाषा कायदा मागतो. आणि ते भाषांतर असेल तर २००६ च्या नियमाप्रमाणे सोबत मूळ मॅन्युअल, म्हणजे तुमचं इंग्रजी. दोन भाषांत काम झालं. बेल्जियमच्या ऑर्डरला मात्र मशिन कुठल्या शहरात बसणार ते विचारून घ्या. फ्लँडर्सला डच लागेल, वालोनियाला फ्रेंच. ज्या दुरुस्त्या फक्त तुमच्या सर्व्हिस इंजिनिअरनेच करायच्या आहेत, तो भाग त्याला कळणाऱ्या एकाच युरोपीय भाषेत ठेवता येतो. त्याचं भाषांतरही वाचतं. एवढं केलं की क्यूआर न लावताच निम्मा कागद गेला. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी चारही भाषा एकत्र छापायचं कारण कायदा नसतोच. डिस्पॅचला चुकीची फाइल जाईल, ही भीती असते.

आता कायद्याकडे. मशिनरीसाठीचा युरोपीय संघाचा जुना कायदा, म्हणजे डिरेक्टिव्ह २००६/४२/ईसी, तो २९ डिसेंबर २००९ पासून चालू आहे. मॅन्युअल मशिनबरोबर गेलं पाहिजे, एवढंच तो म्हणतो. कागदाचा आग्रह आला तो युरोपीय आयोगाच्या मार्गदर्शिकेतून. तिचं म्हणणं साधं होतं: समोरच्या कामगाराकडे स्क्रीन असेलच असं धरून चालू नका, सुरक्षेचा मजकूर कागदावर द्या. अलीकडच्या आवृत्तीत ही भूमिका सैल झाली. तरीही कित्येक युरोपीय ग्राहक करारात छापील प्रत मागतात, आणि कायद्याने सूट दिली तरी करार पाळावाच लागतो. तुमच्या ग्राहकांच्या खरेदी अटी आधी उघडून बघा, त्यात हे वाक्य कुठेतरी दडलेलं असतं.

जुन्याची जागा घेणारा नवा कायदा, रेग्युलेशन २०२३/१२३०, हा २० जानेवारी २०२७ पासून लागू होतो. (आधी छापलेली तारीख १४ जानेवारी होती, शुद्धिपत्रकाने ती २० झाली. जुने लेख वाचून गोंधळू नका.) इथे न्हावा शेव्याहून बोट सुटल्याची तारीख कामाची नाही; तो नग युरोपच्या बाजारात पहिल्यांदा कधी आला ते बघतात. डिसेंबरात रवाना केलेलं मशिन समुद्रात असतानाच तारीख उलटू शकते. म्हणून २०२६ च्या शेवटच्या तिमाहीतली मशिनं आणि त्यांची कागदपत्रं मी नव्या नियमातही बसतील अशीच करायला सांगतो.

नव्या रेग्युलेशनच्या कलम १० मध्ये स्पष्ट लिहिलंय की मॅन्युअल डिजिटल देता येईल. लोक एवढंच वाक्य वाचतात आणि प्रिंटरवाल्याचं बिल बंद करतात. पुढची वाक्यं वाचली तर जाणवतं की कागद दिला की तुमची जबाबदारी तिथे संपायची. डिजिटल दिलं की ती तिथे सुरू होते.

पहिली अट: मॅन्युअल कुठे मिळेल ते मशिनवर लिहा, मशिनवर जमत नसेल तर पॅकिंगवर किंवा सोबतच्या कागदावर. क्यूआर इथे बसतो. पण तो कसला? मी एका डेअरीत साधा छापील स्टिकर पाहिला होता. तिथले लोक रोज रात्री मशिन धुतात, सीलिंग जॉ (पाउच दाबून सील करणारा जबडा) स्पिरिटने पुसतात. सहा महिन्यांत क्यूआरचा पांढरा चौकोन उरला. स्टिकर तुमच्या एअरकंडिशन्ड ऑफिसात बसून निवडू नका. स्टेनलेसच्या पट्टीवर लेझरने कोरून घ्या, नेमप्लेटशेजारी रिव्हेट करा, आणि क्यूआरखाली पूर्ण पत्ता अक्षरांत लिहा, म्हणजे कॅमेरा नसला तरी टाइप करता येईल. क्यूआर बनवताना चूक सुधारण्याची पातळी 'एच' ठेवा. साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचला जातो. आणि कोड कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा हवा. महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या एखाद्या साइटवरून कोड बनवलात, तर वर्गणी थांबल्या दिवशी युरोपातल्या सगळ्या मशिनांची मॅन्युअलं एकदम गायब.

दुसरी अट मला या कलमातली सगळ्यात शहाणी वाटते. मॅन्युअल असं हवं की वापरणाऱ्याला ते डाउनलोड करता येईल, छापता येईल आणि आपल्याजवळ साठवता येईल, म्हणजे ते कधीही हाताशी राहील. विशेषतः मशिन बंद पडलेलं असताना. मॅन्युअल मशिनच्याच सॉफ्टवेअरमध्ये घातलं असेल तरी हीच अट. हे कुणीतरी अनुभवाने लिहिलंय. आम्ही एकदा हौसेने पूर्ण मॅन्युअल एचएमआयच्या, म्हणजे मशिन चालवायच्या पॅनेलच्या, स्क्रीनमध्ये घातलं होतं. बटण दाबा, पान उघडा, चित्र मोठं करा, ग्राहक खूश. एका रात्री पॅनेलमधला २४ व्होल्टचा सप्लाय गेला आणि स्क्रीन काळी झाली. पाउच जॉमध्ये अडकलेला. फिटर नवा होता. मेन स्विच बंद केल्यावरही सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली राहते आणि ती कुठल्या व्हॉल्व्हने सोडायची, हे त्या काळ्या स्क्रीनच्या आत होतं. त्याने नळी ओढली, जॉ मिटला. बोटं वाचली, हातमोजा गेला. त्या दिवसापासून माझ्या मॅन्युअलमध्ये "अडकलेलं कसं काढावं" हे पान स्क्रीनवर असलं तरी मशिनच्या अंगावरही असतं.

अमेरिकेत हा धडा क्रेनच्या नियमात आलाय. बांधकामावरच्या क्रेनचा लोड चार्ट (किती वजन उचलता येईल त्याचा तक्ता) आणि ऑपरेटरचं मॅन्युअल कॅबमध्ये हाताशी असलंच पाहिजे, असं तिथली ओशा, म्हणजे कामगार सुरक्षेची सरकारी संस्था, म्हणते. लोड चार्ट फक्त इलेक्ट्रॉनिक असेल आणि यंत्रणा बिघडून तो दिसेनासा झाला, तर ऑपरेटरने काम तिथल्या तिथे थांबवायचं, किंवा सुरक्षितपणे बंद करण्याची पद्धत पाळायची, चार्ट पुन्हा मिळेपर्यंत. म्हणजे माहिती गेली तर मशिनही उभं. पाउच मशिनला असा नियम नाही, पण कुठलं पान कागदावर ठेवायचं हे ठरवताना मी हीच कसोटी लावतो: हे पान दिसलं नाही तर काम थांबवावं लागेल का? हो असेल, तर ते पान छापायचं.

तिसरी अट वर्षांची. मशिनचं अपेक्षित आयुष्य असेपर्यंत, आणि बाजारात आल्यापासून किमान १० वर्षं, मॅन्युअल ऑनलाइन राहिलं पाहिजे. तुमच्या मशिनांचं आयुष्य मला वाटतं वीस वर्षं तरी आहे. पावडर भरणारी तर त्याहून जुनी चालताना पाहिली आहेत. आणि प्रत्येक नव्या मशिनबरोबर घड्याळ नव्याने सुरू होतं. २०३० साली शेवटचं मशिन पाठवलं तर त्याचं पान २०४० पर्यंत तरी, आणि वीस वर्षांचं आयुष्य धरलं तर २०५० पर्यंत, जिवंत हवं. आपल्याकडे वेबसाइट कशी चालते ते तुम्हाला माहीत आहे. पुतण्याचा मित्र बनवून देतो, तीन वर्षांनी दुसरा कुणीतरी "मॉडर्न लुक" देतो आणि जुन्या सगळ्या लिंक मरतात. एका कारखान्यात असंच झालं. मॅन्युअल सर्व्हरवर सुखरूप होतं, फक्त पत्ता बदलला होता. कळलं कसं? पोलंडमधल्या ग्राहकाच्या सेफ्टी ऑफिसरने क्यूआर स्कॅन केला आणि "पान सापडत नाही" असा फोटो पाठवला. त्यामुळे मॅन्युअलसाठी वेगळा उपडोमेन ठेवा, मार्केटिंगवाल्यांना त्यात हात घालू देऊ नका, आणि डोमेनचं नूतनीकरण कुणा एकाच्या खासगी ईमेलवर सोडू नका. त्या पानावर लॉगिन नको, "आधी तुमचा ईमेल द्या" नको. मशिनसमोर तेलकट हातांनी उभा असलेला माणूस फॉर्म भरत नाही.

यातली सगळ्यात महागडी चूक मात्र माझ्याच हातची आहे. सगळ्या मशिनांना आम्ही एकच लिंक दिली होती. छान वाटायचं, एक पीडीएफ बदलली की जगभर नवी. मग मॉडेलमध्ये बदल झाला: सिलिंडर मोठा, हवेचा दाब ६ बारवरून ८ बार. मी पीडीएफ बदलली. जुन्या मशिनच्या ऑपरेटरने क्यूआर स्कॅन केला, ८ बार वाचलं आणि रेग्युलेटर फिरवला. नशिबाने रिलीफ व्हॉल्व्ह उडाला, आणखी काही झालं नाही. कागदाचं मॅन्युअल असतं तर हे झालंच नसतं, कारण कागद बदलत नाही. जे मशिन गेलं त्याचंच ते राहतं. डिजिटल मॅन्युअल कुठल्या मॉडेलचं आहे ते स्पष्ट असावं, असं रेग्युलेशन म्हणतं. मी त्यापुढे जाऊन सांगेन, सिरियल नंबरला बांधा. प्रत्येक मशिनचा स्वतःचा पत्ता, त्या पानावर त्याच मशिनचं मॅन्युअल. सुधारणा करायची असेल तर जुनी आवृत्ती तिथेच ठेवा, नवी तिच्याशेजारी तारखेसह, आणि काय बदललं ते एका ओळीत.

याला दुसरंही एक कारण आहे. युरोपचा नवा उत्पादन दायित्व डिरेक्टिव्ह, २०२४/२८५३, हा ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या उत्पादनांना लागू होतो. उत्पादन सदोष होतं का हे ठरवताना त्याच्या सूचनाही बघितल्या जातात, आणि दावा सर्वसाधारणपणे १० वर्षांपर्यंत येऊ शकतो. इजा उशिरा उघड होणारी असेल तर २५. आठ वर्षांनी वकिलाने विचारलं, "अपघाताच्या दिवशी त्या पानावर काय होतं?" तर तुमच्याकडे उत्तर हवं. मी प्रत्येक आवृत्ती पीडीएफ/ए मध्ये (दीर्घकाळ जपायच्या पीडीएफमध्ये) साठवतो, फाइलचा हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा) काढतो आणि तो आकडा, तारीख आणि सिरियल नंबर टेक्निकल फाइलमध्ये, म्हणजे मशिनच्या सीईच्या फाइलीत, लावतो. काम पाच मिनिटांचं आहे.

चौथी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ग्राहकाने खरेदीच्या वेळी मागितलं, तर छापील मॅन्युअल फुकट आणि एका महिन्याच्या आत द्यावं लागतं. म्हणजे छपाई बंद झाली तरी छापण्याची तयारी बंद करता येत नाही. पानं ए४ ला नीट बसतात का, लाल-पिवळा इशारा काळ्या-पांढऱ्यात ओळखू येतो का, स्क्रीनवर उघडणाऱ्या व्हिडिओऐवजी कागदावर काय दिसेल, हे आधीच बघून ठेवा. व्हिडिओवरच अवलंबून असलेलं मॅन्युअल छापलं की मध्ये मध्ये रिकामे चौकोन दिसतात, तसं नको.

आता तुमचा सीलर. मोटरने पट्टा फिरवणारा बँड सीलर असेल असं धरतो. नुसता हाताने दाबायचा असेल तर तो मशिनरीच्या कायद्यात येतच नाही, लो व्होल्टेज डिरेक्टिव्हमध्ये, म्हणजे विजेच्या उपकरणांच्या कायद्यात, जातो. कागदापुरतं उत्तर दोन्हीकडे सारखंच. जे मशिन सामान्य माणसासाठी आहे, किंवा त्यासाठी नसलं तरी सामान्य माणूस ते वापरेल असं आधीच दिसतंय, त्याच्या सुरक्षित सुरुवातीसाठी आणि वापरासाठी आवश्यक ती माहिती कागदावरच द्यायची. "फक्त व्यावसायिक वापरासाठी" असं खोक्यावर छापलं म्हणून सुटका होत नाही. वितरक ऑनलाइन विकतो म्हटल्यावर कुणीही घरी मसाले पॅक करायला तो घेणार, हे तुम्हालाही दिसतंय आणि तिकडच्या तपासनिसालाही दिसेल. चार पानांची घडीपत्रिका पुरते: कुठे भाजेल, कुठे बोट अडकेल, प्लग कधी काढायचा, लहान मुलं, पाणी. बाकी सगळं क्यूआरमागे जाऊ द्या.

मोठ्या मशिनलाही मी कागद पूर्ण बंद करायला सांगणार नाही. आमच्याकडे दहा-बारा पानांची एक पुस्तिका असते. तिच्यात मशिनचं वजन आणि उचलायचे पॉइंट असतात, कारण खोकं उघडताना मशिनला वीजच नसते आणि क्रेनवाल्याच्या हातात मोबाइल नसतो. वीज आणि हवा तोडून कुलूप लावायची पद्धत, कोंडलेली हवा सोडायची पद्धत, अडकलेला माल काढणं, गार्ड लावूनही उरलेले धोके, आग लागली तर काय, एवढं तिच्यात. ही पुस्तिका पॅनेलच्या दारातल्या प्लास्टिकच्या खिशात, वायरिंग डायग्रामच्या शेजारी. तिथेच एक पेन ड्राइव्ह, त्यात पूर्ण मॅन्युअल. पुष्कळ कारखान्यांत लाइनवर मोबाइल नेता येत नाही. खाद्यपदार्थांच्या प्लांटमध्ये स्वच्छतेमुळे, सॉल्व्हंटच्या भागात स्फोटाच्या धोक्यामुळे. तिथे क्यूआर म्हणजे भिंतीवरची नक्षी. ऑर्डर घेतानाच विचारा: मशिनजवळ नेट आहे का, मोबाइल चालतो का?

कागदाची बाजू घेतोय असं वाटेल, म्हणून हेही सांगतो. मी युरोपात ज्या ज्या कारखान्यात गेलो, तिथे आमचं छापील मॅन्युअल मशिनजवळ क्वचितच सापडलं. ते खरेदी विभागाच्या कपाटात, मूळ प्लास्टिकमध्ये, न उघडलेलं असायचं. मशिन सेकंडहँड विकलं गेलं की ते हमखास हरवतं. नव्या मालकाकडे मशिन पोचतं, फाइल नाही. रिव्हेट केलेली पट्टी मशिनबरोबर जाते. शिवाय पीडीएफमध्ये "अलार्म ३१" शोधायला दोन सेकंद लागतात. रोजच्या वापराला डिजिटल सरस आहे, याबद्दल मला शंका नाही. आणि अंगावरचे इशारे, म्हणजे जॉशेजारचं गरम पृष्ठभागाचं चिन्ह आणि 'मॅन्युअल वाचा' हे निळं गोल चिन्ह, यांना डिजिटल पर्याय नाही. ते मशिनवरच राहतात.

तुम्ही उद्या दुसरं काही बनवायला घेतलंत तर हे नियम तसेच्या तसे उचलू नका. वैद्यकीय उपकरणांचं इलेक्ट्रॉनिक सूचनांचं रेग्युलेशन वेगळं आहे, २०२१/२२२६. तिथे मागितल्यावर छापील प्रत सात दिवसांत द्यावी लागते. मे २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने इतर अनेक उत्पादन कायद्यांतही डिजिटल सूचना आणायचा प्रस्ताव मांडला आहे. प्रस्तावावर छपाई बंद करू नका, तो कायदा झाल्यावर बघू.

लगेच करायचं एक काम. तुमच्या ऑर्डर ॲक्सेप्टन्सच्या नमुन्यात ही ओळ घाला: "या मशिनचं मॅन्युअल डिजिटल स्वरूपात दिलं जाईल. छापील प्रत विनामूल्य हवी असल्यास येथे खूण करा." दोन चौकोन, हो आणि नाही, आणि शेजारी सही. मशिन रवाना व्हायच्या आधी, तुमच्याच शॉपवर तपासणी चालू असताना, ग्राहकाच्या माणसाला पट्टीवरचा क्यूआर त्याच्या मोबाइलने स्कॅन करायला लावा, फाइल डाउनलोड झाली का बघा, आणि तपासणीच्या शीटवर आवृत्ती क्रमांकासह त्याची सही घ्या. माझ्या फाइलींमध्ये ही शीट डिक्लरेशनच्या, म्हणजे मशिन नियमात बसतं या उत्पादकाच्या घोषणापत्राच्या, लगेच मागे लावलेली असते.